मशीन ओके, मग आत्याला काय होतंय? पेसमेकरच्या एका केसची पूर्ण हकीकत

पेशंट म्हणजे माझी आत्या. वय ६८, तासगाव तालुक्यात द्राक्षाचं घर, सीझनला स्वतः शेडवर बसून बेदाणा निवडणारी बाई. शुगर नाही, बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. तिला सिक सायनस निघाला. म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात ठोका सुरू करणारी जी गाठ असते ती थकली होती, बरी चालता चालता मधेच चार-चार सेकंद ठोकाच टाकायची नाही. एकदा न्हाणीत पडली, एकदा शेडवर. होल्टर लावला, २४ तासांच्या पट्टीत पॉज दिसले, पेसमेकर सांगितला. योजनेतून बसला. सिंगल चेंबर, एकच वायर, ती खालच्या उजव्या कप्प्यात, मोड व्हीव्हीआय, रेट ७०. म्हणजे मशीनला सांगून ठेवलेलं की मिनिटाला ७० च्या खाली गेलं की तू ठोका दे, वर असेल तर गप्प बस.

ऑपरेशन चांगलं झालं हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हॉस्पिटल भंगार होतं. तसं नव्हतं. जखम स्वच्छ भरली, वायर जागेवर, पडणं पूर्ण बंद झालं. आणि सगळी गोची तिथेच झाली, कारण ज्या कामासाठी मशीन बसवलं ते काम मशीन करत होतं त्यामुळे नंतरची कुठलीही तक्रार मशीनच्या खात्यावर जाईचना.

तक्रार काय, तर महिन्याभरातच आत्या म्हणायला लागली, "गळ्यात कोणतरी आतनं ठोकतंय बघ." छातीत नाही, गळ्यात. जोडीला दम, आडवं झालं की खोकल्याची उबळ, डोकं हलकं, आणि एक विचित्र घाबरं वाटणं ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता, ती फक्त "जीव खालवर होतोय" म्हणायची. रात्री सगळ्यात वाईट. उशा लावून भिंतीला टेकून बसायची आणि पहाटे कधीतरी डोळा लागायचा.

आता यातली खरी गंमत ऐका. कामात असली की आत्या ठीक असायची. अंगण झाडताना, गुरांना वैरण टाकताना, शेडपर्यंत चालत जाताना काही नाही. येऊन खुर्चीत टेकली की दहा-पंधरा मिनिटांत सुरू. हे तिने ओपीडीत जसंच्या तसं सांगितलं आणि डॉक्टर हसले, "आजी, हृदयाचा त्रास असता तर चालताना वाढला असता. तुम्हाला बसल्यावर होतोय, म्हणजे मन रिकामं असलं की होतोय. टेन्शन घेऊ नका." आणि झोपेची अर्धी गोळी. खरं सांगायचं तर त्या वेळी घरातल्यांनाही ते पटलं. वाक्य पटण्यासारखंच आहे. हृदयाचे बहुतेक आजार श्रमाने वाढतात हे बरोबरच आहे, फक्त हा आजार त्यातला नव्हता.

ईसीजी काढले, दर वेळी नॉर्मल. कार्डिओलॉजीची ओपीडी पहिल्या मजल्यावर, लिफ्टला ही गर्दी, आत्या जिना चढून जायची. वर पोचून लगेच ईसीजीच्या टेबलावर. ठोके ८४, ८८, तिचे स्वतःचे, मशीन गप्प, पट्टी सुंदर. दर वेळी पेशंटला बरं असतानाचा फोटो काढला जात होता.

मशीनही तपासलं होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पेसमेकर चेकअपचा ठरलेला वार असतो, त्या दिवशी कंपनीचा माणूस तो लॅपटॉपसारखा प्रोग्रामर घेऊन येतो, छातीवर चकती ठेवतो, दोन-तीन मिनिटं बटणं दाबतो आणि थर्मल पेपरची पट्टी फाडून देतो. बॅटरी चांगली, वायरचा रेझिस्टन्स चांगला, थ्रेशोल्ड (ठोका पडायला कमीत कमी किती करंट लागतो ते) चांगला, फाईलवर शिक्का, पुढचा पेशंट. त्या पट्टीवर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, खालच्या कप्प्यात मशीन किती टक्के ठोके देतंय त्याची. ६४ टक्के. ती ओळ कुणी वाचली नाही, कारण त्या टेबलावर प्रश्न एवढाच असतो की मशीन नीट चालतंय का, आणि ते चालत होतं.

मग "धडधड" या शब्दाने घात केला. आत्याच्या सुनेने, म्हणजे आमच्या वहिनीने, पुढच्या वेळी गळ्यातल्या ठोकण्याला धडधड म्हटलं आणि डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर सुरू केली, मेटोप्रोलॉल. धडधड, बीपी, वय, सगळं बघता लिहिण्यासारखी गोळी आहे, पेसमेकर असल्यामुळे ठोके फार कमी होतील ही भीतीही नाही. पण गोळीने आत्याचे स्वतःचे ठोके मंदावले, ते अजून जास्त वेळ ७० च्या खाली राहायला लागले, आणि जितके खाली तितकं मशीन जास्त चालणार. आठवडाभरात दिवसाचे चांगले तास पण गेले. अंगण झाडतानाही आता बरं वाटेना. परत गेलो तर "गोळी सेट व्हायला वेळ लागतो".

इथे केस फिरली ती वहिनीमुळे. घरात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर पडून होता आणि बीपीचं दंडाचं मशीन होतं. वहिनीने शाळेच्या वहीत रकाने आखले: वेळ, काय करत होत्या, पल्स, बीपी, त्रास होता की नव्हता. शेवटच्या रकान्यात फक्त हो किंवा नाही. वर्णन नाही, "खूप", "थोडं" असलं काही नाही. कारण तिला सासूच्या तक्रारींचा कंटाळा आला होता असं ती स्वतःच म्हणते, तिला फक्त टिकमार्क करायचा होता, आणि त्यामुळेच ती वही कामाची झाली.

दहा-बारा दिवसांनी मी गावी गेलो तेव्हा ती वही चाळली. जिथे "हो" आहे तिथे पल्स ७०. ६९, ७०, ७०, ७१, ७०. जिथे "नाही" तिथे ७८, ८२, ७६, ९०. एखाददुसरा अपवाद सोडला तर पान एवढं सरळ होतं की शंका यावी. माणसाचा ठोका असा ७० वर खिळून राहत नाही, तो हलतो, श्वासाबरोबरसुद्धा हलतो. ७० हा मशीनचा आकडा. म्हणजे मशीन ठोका देतं तेव्हा त्रास, स्वतःचा ठोका असला की त्रास नाही. आणि बीपी पण, "हो" च्या ओळींना ११० च्या आसपास, "नाही" च्या ओळींना १३५-१४०. बसल्यावर बीपी कमी भरणारच थोडं, ते मान्य, पण एवढं?

याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात आणि हे काही दुर्मिळ, नवीन वगैरे नाही, १९६९ पासून वैद्यकीय लिखाणात आहे. निरोगी हृदयात आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात, रक्त खाली ढकलतात, मग खालचे कप्पे. खालचा कप्पा भरण्यात या वरच्या ढकलण्याचा वाटा साधारण पाचव्या हिश्श्याएवढा, आणि वय वाढून हृदय ताठर झालं की त्याहून जास्त. सिंगल चेंबर मशीन फक्त खालच्या कप्प्याला ठोका देतं, वरच्याची त्याला खबर नसते. काहींच्या हृदयात तर खालून दिलेला करंट उलटा वर चढतो आणि वरचा कप्पा नेमका तेव्हा आवळतो जेव्हा मधल्या झडपा बंद असतात. आतून कडी लावलेल्या दाराला धडक मारल्यासारखं. रक्ताला खाली जायला जागा नाही, ते मागे फिरतं, मानेच्या शिरेत उसळतं, फुफ्फुसाकडे साचतं. गळ्यातलं ठोकणं ते हे. आडवं झाल्यावरची उबळ पण हेच. वरचे कप्पे असे ताणले गेले की शरीर उलट रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून बीपी पडतो, डोकं हलकं होतं. आणि चालायला लागल्यावर बरं का वाटायचं तेही सरळच आहे, चालताना तिचा स्वतःचा ठोका ७० च्या वर जायचा, मशीन गप्प बसायचं, वरचा-खालचा ताल परत जुळायचा. ज्या लक्षणावरून तिला "मनाचं आहे" ठरवलं तेच निदानाचं सगळ्यात मोठं लक्षण होतं.

डॉक्टर बदलायचा का यावर घरात वाद झाला. दादाचं म्हणणं पुण्याला नेऊ. मामा म्हणाले ज्यांनी बसवलं त्यांनाच विचारा, फाईल त्यांच्याकडे आहे. मी मामांच्या बाजूने होतो, एवढ्याचसाठी की आपल्याला मत नको होतं, एक टेस्ट हवी होती, आणि ती टेस्ट करायला प्रोग्रामर लागतो, तो त्यांच्याकडे होता. चेकअपच्या वारीच गेलो. आधी दर वेळी आम्ही "तिला बरं वाटत नाही हो" म्हणायचो, त्यावर डॉक्टर काय करणार, पेशंट शंभर आणि वेळ प्रत्येकी तीन मिनिटं. या वेळी वहीचं पान समोर ठेवलं आणि मी म्हणालो, "सर, पल्स ७० असतानाच त्रास होतोय, ७५ च्या वर गेली की थांबतो. एकदा झोपवून, मशीन चालू असताना आणि गप्प असताना, दोन्ही वेळचा बीपी बघता येईल का?"

डॉक्टरांनी पान हातात घेतलं, बोटाने रकाना वरून खाली वाचला. "कुणी सांगितलं तुम्हाला हे?" चिडून नाही, पण खूश होऊनही नाही. वहिनीकडे बोट केलं. मग त्यांनी कंपनीच्या माणसाला हाक मारली.

आत्याला टेबलावर पाठ थोडी उंच करून पंधरा-वीस मिनिटं पडू दिलं. छातीवर चकती, दंडाला बीपीचा पट्टा. तिला सांगितलं, त्रास झाला की हात वर करा, बाकी काही बोलू नका. मशीन कधी काय करणार हे तिला सांगितलं नाही, स्क्रीन तिच्या डोक्यामागे. आधी रेट ५० ला उतरवला, म्हणजे मशीन बाजूला झालं, आत्याचा स्वतःचा ठोका ६२ ने चालू. बीपी १३६/८०. गप्प पडून. मग कंपनीच्या पोराने रेट ८० केला, पट्टीवर रुंद रुंद ठोके यायला लागले, आणि मिनिटही झालं नसेल, आत्याचा हात वर. डॉक्टर वाकून मानेकडे बघत होते. मलासुद्धा दिसत होतं, कानाखालची शीर टपटप उडत होती. बीपी १०४/६८. परत ५०, हात खाली. परत ८०, हात वर. "हेच ते, ह्येच!" आत्या बोलायचं नाही हे विसरूनच गेली. मशीनच्या ठोक्यावर वरचा बीपी २० किंवा जास्त पडला तर तो पेसमेकर सिंड्रोमच्या बाजूचा पुरावा धरतात. इथे ३२. मशीन किती टक्के ठोके देतंय ते काढलं तर बीटा ब्लॉकर सुरू झाल्यापासून ८८.

डॉक्टरांनी तिथेच फाईलवर निदान लिहिलं, हे त्यांचं चांगलं. बरेच जण इथपर्यंत येऊनही "असू शकतं" म्हणून सोडतात.

आता इथे जरा थांबतो, कारण यानंतर मी या विषयावर जे वाचलं त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सिंगल विरुद्ध डबल (डबल चेंबर म्हणजे दोन वायरी, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या) यावर मोठे अभ्यास झालेत. १९९८ चा अमेरिकेतला पेस नावाचा अभ्यास, ६५ च्या पुढचे ४०७ पेशंट, सगळ्यांना मशीन डबल चेंबरच बसवलं पण निम्म्यांचं सॉफ्टवेअरने सिंगलसारखं चालवलं. त्यातल्या २६ टक्के लोकांना पेसमेकर सिंड्रोम म्हणून डबल मोडवर आणावं लागलं. २००२ चा मोस्ट, २०१० पेशंट, सगळे सिक सायनसचे, तीच पद्धत, तिथे १८.३ टक्क्यांना तीव्र सिंड्रोम. पण २००० सालचा कॅनडाचा सीटॉप, २५६८ पेशंट, तिथे सिंगलवाल्यांना मशीनच खरोखर सिंगल बसवलेलं, म्हणजे बदलायचं तर परत ऑपरेशन. तिथे बदललेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली. माणसाचं हृदय तेच, मोड तोच, मग कॅनडात त्रास कमी होता का? मला नाही वाटत. जिथे उपाय एका बटणावर होता तिथे तक्रार लगेच खरी ठरली, जिथे उपाय म्हणजे परत चिरफाड तिथे डॉक्टर आणि पेशंट दोघांनीही ती "चालायचंच" मध्ये ढकलली असणार. अभ्यासांच्या व्याख्या थोड्या वेगळ्या होत्या हे आहे, पण एवढा फरक नुसत्या व्याख्येने पडत नाही. आणि आपल्याकडे सिंगल बसवलेला प्रत्येक पेशंट हा त्या कॅनडावाल्या गटातला आहे, त्यात वर पैशाचा प्रश्न. तक्रार मान्य केली की पुढचं वाक्य दीड-दोन लाखांचं असतं, म्हणून ती मान्यच होत नाही.

आणि हो, सिंगल बसवणं म्हणजे फसवणूक असंही नाही, याच अभ्यासांत जगण्या-मरण्यात मोठा फरक दिसला नाही. पण सिक सायनससाठी २०१८ च्या अमेरिकन गाईडलाईनमध्ये वरच्या कप्प्यात वायर असलेलं मशीनच पहिली पसंती म्हणून स्पष्ट लिहिलंय. मशीन क्वचितच चालणार असेल किंवा पेशंट बाकी आजारांनी जर्जर असेल तर सिंगल चालतं. आत्या दोन्हींत बसत नव्हती.

उपाय दोन टप्प्यांत झाला. पहिला बिनखर्चाचा. मेटोप्रोलॉल हळूहळू कमी करत बंद केली (बीटा ब्लॉकर एकदम सोडायची नसते, घरी तर अजिबात नाही) आणि बीपीला दुसरी गोळी दिली. मशीनचा रेट ७० वरून ५०. म्हणजे मशीन आता फक्त राखणीला, खरंच पॉज आला तरच ठोका देणार. त्याच रात्री आत्या आडवी होऊन झोपली. पुढच्या चेकअपला पेसिंग, म्हणजे मशीनचे ठोके, १९ टक्के. झोपेची गोळी आपसूक सुटली, तिला ती आवडायचीच नाही.

द्राक्षाच्या खरड छाटणीपर्यंत छान चाललं. मग तिचा स्वतःचा ठोकाच आणखी मंद झाला, या आजारात तसं होतं, आणि टक्केवारी पन्नाशीच्या वर गेली. आता गळ्यातलं ठोकणं परत आणि त्यात रेट ५० म्हणून थकवा वेगळा. रेट वाढवावा तर सिंड्रोम, कमी ठेवावा तर अंगात जीव नाही. बटणाने होण्यासारखं संपलं होतं. डबल चेंबर.

तेही त्याच डॉक्टरांनी केलं. आधी डाव्या हातातून डाय सोडून शीर उघडी आहे का बघितलं, कारण जुन्या वायरीभोवती शीर आकसते आणि मग दुसरी वायर जात नाही. आमची उघडी निघाली. वरच्या उजव्या कप्प्यात नवीन वायर, जुनी खालची वायर चांगली होती ती तशीच ठेवली, मशीन नवीन. जुनी जखम परत उघडताना इन्फेक्शनची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, त्यामुळे जखम लाल, गरम, ओली दिसली तर फोन न करता सरळ यायचं ठरलेलं. तसं काही झालं नाही. योजनेत हे बसलं नाही, चालू मशीन काढून दुसरं म्हणून. बेदाण्याचे पैसे नुकतेच आले होते, ते तिकडे गेले. मामा अजून कुरकुरतात.

आताची सेटिंग डीडीडीआर ६०, म्हणजे मशीन वरचा-खालचा दोन्ही कप्पे बघतं, लागेल तिथे ठोका देतं, हालचालीप्रमाणे रेट वाढवतं, पण ६० च्या खाली जाऊ देत नाही. आणि एक सोय चालू केलेली आहे की वरून आलेला ठोका तिच्या स्वतःच्या वाटेने खाली जाऊ द्यायचा, फार उशीर झाला तरच मशीनने खाली हात घालायचा. शेवटच्या पट्टीवर मशीनचे ठोके वरच्या कप्प्यात ७१ टक्के, खालच्या कप्प्यात ३ टक्के.

डबल चेंबर असलेल्यांच्या घरच्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण चेकअपच्या रांगेत हे कुणालाच माहीत नव्हतं. बॅटरी संपत आली की काही मशीन करंट वाचवायला आपोआप व्हीव्हीआय ६५ वर जातात. वर्षानुवर्षं ठणठणीत असलेला माणूस एकाएकी दमायला लागतो, गळ्यात ठोकतं, आणि घरचे म्हणतात वय झालं. तिथे ऑक्सिमीटरवर ६५ चा खिळलेला आकडा दिसला तर चेकअपच्या वाराची वाट बघू नका.

आमच्या फाईलमध्ये आता प्रत्येक पट्टीची झेरॉक्स असते, कारण थर्मल पेपर वर्षभरात पांढरा पडतो. पहिल्या वर्षीची ती ६४ टक्केवाली पट्टी आता वाचताच येत नाही. आणि कव्हरवर वहिनीने स्केचपेनने लिहिलंय की खालची वायर एका कंपनीची, मशीन दुसऱ्या कंपनीचं, त्यामुळे एमआरआयची परवानगी धरून चालू नये, आधी कार्डिओलॉजीला विचारावं. आत्याचे गुडघे दुखायला लागलेत, हाडाच्या डॉक्टरांकडे जाताना ते लागणार आहे.